खंदक नंबर चार भरला

धुळे, ४ एप्रिल ४६
लढाई संपली, आता म्युनिसिपालिटीचा हुकूम : हवाई हल्ल्यासाठी खणलेले चारही खंदक मातीने भरा. बेचाळीसला ओव्हरसियर म्हणून मीच खणवून घेतले होते. खंदक कसले, वर छत घातलेली भुयारंच. एकही बॉम्ब पडला नाही. गाव म्हणे, ओव्हरशीरची बिळं. आता मीच बुजवायची. वाईट वाटलं.

९ एप्रिल
तीन भरून झाले. चौथ्यापाशी गेलो तर खंदकाला लागून राहणाऱ्या भागाअक्का आडव्या आल्या. "खाले काहीतरी शे. दिनभर खटक-खटक करस. बठ्ठासनी, सारी गल्लीनी ऐकेल शे." भुताची हूल असेल म्हणून आत उतरलो. तर भूत नाही, माग! अब्दुलचाचा विणकर, साठीचे. मी ठेवलेल्या झरोक्याखाली बरोब्बर बसलेले. लुगडं विणत होते. "उप्पर गर्मी में धागा टूटता, भाऊ. इधर नमी है. किसने बनाया ये? अल्ला उसका भला करे." मी बनवलं, हे सांगायला जीभ उचलेना. भरायचंय, हेही सांगितलं नाही.

११ एप्रिल
सांगितलं दोन्ही. रागावले नाहीत. म्हणाले, "चढ़ा हुआ ताना काटते नहीं, भाऊ. उतरने दो." मागावरचे उभे धागे विणून संपायला अजून महिनाभर तरी. माग वर नेला तर सूत दर वितीला तुटणार, म्हणजे पोटावरच पाय.

सौ. हसली. "चार वर्षांनी तुमचं बीळ कुणाच्या तरी कामी आलं."

१३ एप्रिल
चौथ्याचं रस्त्याकडचं तोंड मातीने बंद. अक्कांच्या परसातलं उघडं ठेवलं. चाचा अंधारातच उतरतात, अंधारातच निघतात; भुताच्या भीतीने अक्का तिकडे फिरकत नाहीत. रिपोर्ट : 'क्र. १ ते ३ मातीने भरले. क्र. ४ भरला.' कशाने, ते लिहिलं नाही. माग आहे, माणूस आहे, भरलाच की. अठरा वर्षांच्या नोकरीत असली चलाखी पहिल्यांदाच.

१४ एप्रिल
छताची एक बल्ली वाळवीने पोखरलीय, परवा हाताला भुसा लागला होता. छत खाली आलं तर तो माणूस माझ्या शब्दाखाली पुरला जाईल. उद्याच बल्ली बदलायची.

१५ एप्रिल
बाभळीच्या दोन बल्ल्या नेल्या. एक चाचांनी धरली, एक मी. उरलेल्या सगळ्या ठोकून पाहिल्या. शाबूत आहेत. आता छातीवरचं ओझं निम्मं.

१७ एप्रिल
म्युनिसिपालिटीचे साहेब स्वतः खंदकांच्या पाहणीला येणार. या आठवड्यात कधीही. दिवस सांगणार नाहीत, अशीच त्यांची रीत. मग चाचांनी माग बंद ठेवायचा तरी कधी? शेवटी अक्कांना खरं सांगितलं. कपाळावर हात मारला त्यांनी. "चाचा शे? मंग पहिलेच सांगनं व्हतं ना. माग बंद नका करू. मी वर रोज मिरच्या कांडसू."

१८ एप्रिल
परसातल्या तोंडावर बाज, बाजेवर वाळत घातलेल्या मिरच्या. शेजारी उखळ. खाली खटक, वर धप्प. ताल जुळत नाही, पण रस्त्यावर उभं राहून ऐकलं, नुसतं कांडणच वाटतं. चाचा खालून शिंकतात तेवढी पंचाईत.

२० एप्रिल
साहेब आले नाहीत. अक्कांच्या दोन्ही हातांना फोड. मी कांडतो म्हटलं तर म्हणाल्या, "ओव्हरशीर मिरच्या कांडी तं साहेबले तठेच समजी."

२१ एप्रिल
आजही नाहीत. अक्कांच्या वर्षाच्या मिरच्या संपत आल्या. कांडलेलंच पुन्हा कांडतायत. चाचांचा ताणा अजून निम्मासुद्धा उतरला नाही.

घरी आलो तर सौ. स्वैपाकघरात नाही. मिरच्यांचं पोतं नाही, मुसळही नाही. कडी लावून कोपऱ्यावर आलो. अक्कांच्या परसातून आता दोन मुसळांचा आवाज येतोय.