गाळण्यातले जीव

मुनिरका, दिल्ली

ती. आईस,
जय जिनेंद्र.

आज क्षमावणी. फोनवर ‘उत्तम क्षमा’ म्हटलं की वर्षभराची क्षमा मागणं चटकन उरकतं, म्हणून पत्र लिहितेय. खोली हवेशीर आहे, मुगाची खिचडी आता जमते. बाबांचा गुडघा कसा आहे?

‘तुझ्या हातून जीव तर जात नाहीत ना?’ असं तू विचारलंस आणि मी विषय बदलला. जातात, आई. मी जिवाणूंच्या भांड्यात विषाणू सोडते. जवळजवळ सगळे मरतात आणि गढूळ पाणी नितळ होतं. काही मोजके वाचतात. ते त्या विषाणूचा बारीकसा तुकडा आपल्या अंगात जपून ठेवतात. तोच विषाणू पुन्हा आला की त्यावरून ओळखतात आणि कापून टाकतात. त्यांच्या पुढच्या पिढ्यांना ही ओळख जन्मतःच असते. ते दिसलं की मला फार आनंद होतो, आणि मग लाज वाटते.

पाणी गाळल्यावर फडक्यातले जीव तू हळूच विहिरीत परत सोडतेस. इथे प्रयोगशाळेतून जिवंत काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही, असा नियम आहे. वाचलेल्यांनाही संध्याकाळी मीच कुकरसारख्या यंत्रात शिजवते.

तू मला क्षमा करशीलच. त्यांच्या वतीने मात्र करू नकोस.

तुझी,
सुखदा