उपाशीपोटी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
६ फेब्रुवारी २००७

प्रिय स्वप्नाली,

तुझं पत्र शनिवारी पोचलं. वारणानगरला अजून थंडी आहे म्हणतेस, तर बाबांचा जुना स्वेटर धुऊन ठेवलाय. त्यांची कागलच्या कारखान्यात या आठवड्यात पहिली पाळी आहे. शेजारच्या धोंडुबाईंनी तुझ्यासाठी चटणी कांडलीय. मेसचं खाऊन पोरगी वाळली असंल की, म्हणाल्या.

पत्राच्या शेवटच्या दोन ओळी मी देवापुढं बसून पुन्हा वाचल्या. ताट घेऊन रांगेत उभी असताना कुणीतरी नावानं हाक मारल्यासारखं परत झालं, पण तू घाबरू नकोस, असं तू मलाच लिहितेस.

दिवाळीत आपण ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो, त्यांनी किती नीट समजावलं होतं. पुढं मनाचा आजार होऊ शकेल अशा मुलांच्या रक्तात आधीच काही खूण सापडते का, याचा अभ्यास चाललाय. आज नुसत्या रक्तावरून कुणाचंच काही सांगता येत नाही, आणि असे भास होणाऱ्या पुष्कळ जणांना पुढं काही होतही नाही. त्या अभ्यासासाठी रक्त द्यायचं असेल तर दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी या, म्हणाल्या. जाताना आपण अंबाबाईला गेलो आणि मी तुझ्या तोंडात प्रसादाचा पेढा घातला. तू नको म्हणत होतीस. नर्सबाईंनी काही खाल्लंय का विचारलं, तू खरं सांगितलंस, आणि त्यांनी सुई परत ठेवून दिली. मग बाईंनी मला विचारलं, घरात कुणाला असा आजार होता का. मी नाही म्हणाले. पुढच्या सोमवारी बोलावलं होतं, तेव्हा मी पाहुण्यांचं निमित्त सांगितलं.

माझी धाकटी बहीण चिमणाबाई टायफॉईडनं गेली, असं मी तुला सांगत आले. ते खरं नाही. एकोणीस वर्षांची असताना, शेवया वाळत घालता घालता, तिला कुणी हाक मारल्यागत व्हायला लागलं. ती 'ओ' द्यायची. आम्ही सगळे हसायचो, मी जास्त. मग आण्णांनी, तुझ्या आजोबांनी, बाहेरचं काही असेल म्हणून तिला नरसोबाच्या वाडीला सेवेला ठेवलं. सोबतीला मी राहिले. सेवा मनापासून केली, देवाला मी बोल लावत नाही. पण औषध सुरू व्हायला दोन वर्षं गेली, आणि तोवर ती माझ्या हातून वेणीही घालून घेईना. माझ्या लग्नाआधीच ती दवाखान्यात वारली. तुझ्या बाबांनाही मी हे परवा रविवारी सांगितलं. ते म्हणाले, एवढी वर्षं एकटीनं कशाला वागवलंस, आता पोरीला सांग.

काल मी बाईंकडे जाऊन आले. चिमी आजारी होती त्या वर्षांत हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी तिचं लिहायचे: आज जेवली, आज झोपली नाही, आज उगाच हसली. ती वही नेली होती. बाईंनी सगळी पानं वाचली. तुझ्या कागदावरचं माझं 'नाही' खोडून त्यांनी माझ्यासमोर 'सख्खी मावशी' लिहिलं. मला रागावल्या नाहीत. मावशीला होतं म्हणून मुलीला होईलच असं नाही, पण आता दर महिन्याला भेटायचं, आणि गरज पडली तर उपचाराला उशीर करायचा नाही, म्हणाल्या. रक्त द्यायचं की नाही ते तू ठरव. भेटायला मात्र ये.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तो पेढा चुकून दिलेला नव्हता. उपाशीपोटी म्हणजे काय ते मला चांगलं कळत होतं. तुझ्या रक्तात चिमी सापडेल, याची मला भीती वाटली. प्रसादाला नाही म्हणू नये असं सांगून मी देवीला पुढं केलं. तिची क्षमा मागून झाली, तुझी राहिलीय. शनिवारी घरी ये. सोमवारी माझा उपास असतोच, दोघी उपाशी जाऊ. आधी दवाखाना, मग देऊळ. आणि तोवर परत हाक ऐकू आली, तर आल्यावर मला सांग. मी हसणार नाही.

तुझीच,
आई