मुठीतली कडी

गॅरेज,
ता. ५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक आहे, माझं डोकं सोडून. तुझं पाकीट मिळालं आणि त्यातला फोटोही पाहिला. रोज महामार्गावरून जा-ये करायची तर साधी, ताठ बसता येईल अशी, कमी पेट्रोल पिणारी गाडी घे, असं मी पत्रामागून पत्र लिहून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! तू घेतलीस ही लाल, नाक खाली आणि शेपूट हवेत असलेली बया. हँडल गुडघ्यापाशी, पाय मागे दुमडलेले. तिच्यावर बसलेली तू म्हणजे रस्त्यात पडलेलं कानातलं शोधणारी बाई दिसतेस. मागची सीट तर इतकी आखूड की तिच्यावर मांजरसुद्धा बसायचं नाही. बाजूचं प्लास्टिक एकदा घासलं गेलं की बदलण्याशिवाय इलाज नाही, हे तुला माहीत नव्हतं म्हणू नकोस. तू गॅरेजात वाढलीस.

आईने फोटो पाहिला, टेबलावर पालथा घातला आणि आत गेली. तेव्हापासून घरात भांडी जरा जास्तच आपटतायत.

आता घेतलीच आहेस तर ऐक. तुझं अंतर बघता चेन दर आठवड्याला पुसून तिला तेल द्यायचं. चेनची ढील बघताना गाडीवर कुणीतरी बसलेलं हवं. रिकामी गाडी असली की चेन सैल दिसते आणि माणूस बसलं की ताणते, हे तुला शाळेत असल्यापासून सांगतोय. चाकातली हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. आणि रस्त्यावरच्या कुठल्याही टपरीवाल्याला तिच्या एका स्क्रूला हात लावू द्यायचा नाही. महिनाअखेर इकडे घेऊन ये. मी नट न् नट बघतो.

फोन करत नाही, कारण तुझ्याशी फोनवर भांडायचं तर कॉम्प्रेसर बंद करावा लागतो.

कळावे. लोभ आहेच, पण तो या गाडीला लागू नाही.

दादा

---

खोली,
ता. ११ नोव्हेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतका संताप आला की आधी चहा केला आणि मग पुन्हा वाचलं. तरी आलाच.

तू दिलेली ती जुनी, साधी, शहाणी गाडी मी वर्षभर चालवली. तू कधी तिच्यावर बसून महामार्गावर गेलास? ट्रक शेजारून गेला की ती हातभर सरकायची. चढावर एखाद्याला ओलांडायला निघावं तर निम्म्यात तिचा दम जायचा, आणि मग मी बाजूला, तो बाजूला, कुणीच पुढे जात नाही, अशी वरात निघायची. मला जोर मिरवायला नको आहे रे. ट्रकच्या बगलेत जितका कमी वेळ राहीन तितकी मी सुरक्षित. म्हणून ही गाडी. चार गाड्या चालवून बघितल्या. एकीवर हाताला मुंग्या आल्या, एक इतकी उंच की सिग्नलला पाय टेकेनात. ही आडव्या वाऱ्यात जागची हलत नाही आणि करकचून ब्रेक दाबला तरी हिचं चाक घसरत नाही. लाल रंग दुकानात होता म्हणून घेतला.

बसचं म्हणशील तर ती फाट्यावर सोडते, तीही तिच्या मर्जीने. मी औषधांच्या शीतगृहात पाळीप्रमुख आहे. मी पोचल्याशिवाय रात्रपाळीच्या माणसाला दार सोडता येत नाही. बसने यायचे तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी तो माझ्याकडे असा बघायचा की त्याचं तोंड बघवत नसे.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिने विचारलं तेव्हा ‘तुला नाही कळायचं’ म्हणून मोकळी झाले. तू समजाव, मुलाचं तरी ऐकते ती.

महिनाअखेर गाडी घेऊन येते. हात फक्त तुझाच लागेल, दुसऱ्या कुणाचा नाही, याची काळजी नको.

कळावे. लोभ आहेच. त्यातला थोडा लाल रंगावरही करावा.

भिंगरी

---

शीतगृह, जेवणाची सुट्टी,
ता. ९ डिसेंबर

दादा,

नमस्कार सवयीने करते आहे, मनातून नाही.

पाकिटात एक पितळेची कडी आहे. ओळख पटते का बघ.

काल सकाळी कामावर येत होते. रुंदीकरण चालू आहे तिथे रस्ता अजून दुपदरीच आहे. पुढे टँकर होता आणि समोरचा रस्ता मोकळा होता. नीट बघून बाहेर काढली आणि त्याच्या बरोबरीला आले. तेवढ्यात चढ संपला आणि टँकरवाल्यानेही वेग घेतला. समोर वळणावरून बस आली. वेग घ्यायला मी उजवी मूठ पिळली. ती अर्ध्यात टक्कन अडली, दादा! पुढे फिरेचना. मला वाटलं माझाच हात गारठलाय. पुन्हा पिळली, पुन्हा तिथेच. बस दिवे मारत होती.

ब्रेक दाबले आणि टँकरच्या मागे घुसले. उजवा आरसा बस घेऊन गेली. मग मातीत उतरले आणि आडवी झाले. गुडघा सोलवटलाय, प्लास्टिक फुटलंय. झालं तुझ्या मनासारखं.

आधी मी कंपनीला शिव्या घातल्या. दुपारी इथल्या वाहनतळावर मुठीची डबी उघडली तर आत ही कडी, मूठ अर्ध्यात अडवणारी. कडा अगदी गोल घासलेल्या, केबलला लागू नयेत म्हणून. इतक्या निगुतीने कानस कोण चालवतं ते मला कुणी सांगायला नको. त्या कानशीचा कीस झाडत मी लहानाची मोठी झाले. महिनाअखेर तुझ्याकडून गाडी परत नेताना मूठ किती हलकी झाली म्हणून मी रस्ताभर तुझं कौतुक करत होते, आणि तू तिचा अर्धा जोर काढून घेतला होतास. मला न सांगता!

केसाने गळा कापलास. परक्याने केलं असतं तर त्याच्या दारात जाऊन तमाशा केला असता. तुझ्या दारात जाऊन काय करू? ते माझंही दार आहे.

सगळ्यात वाईट काय झालं सांगू? आज येताना ब्रेक दाबला आणि मनात आलं, इथे काय बसवलं असेल त्याने? तू मला गाडीतलं सगळं शिकवलंस, आणि आता तुझा हात लागलेल्या एकाही नटावर माझा भरवसा नाही.

यापुढे माझ्या गाडीला हात लावायचा नाही. टपरीवाला परवडला.

कळावे. लोभाचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

तुझं माजी गिऱ्हाईक

---

गॅरेज,
ता. १३ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. आ.

कडी माझीच. बसवली मीच. का, कशासाठी, ते विचारू नकोस. हात माझे होते, एवढं तुला पुरे.

बसवल्यावर गाडी मागच्या रस्त्यावर चालवून बघितली. बरी धावत होती. तो रस्ता सपाट आहे आणि तिथे म्हशीशिवाय कुणी आडवं येत नाही. महामार्गाची गाडी मी गल्लीत तपासली. इतकी वर्षं हाताखालच्या पोरांना ज्या चुकीसाठी कानफटात दिली ती मी स्वतः केली. तुला सांगायचं होतं. तू निघालीस तेव्हा फाटकापर्यंत आलो होतो. तू हेल्मेट घालून हसलीस आणि माझी जीभ उचलली नाही.

तू माझ्यावर चिडलीस ते बरोबर आहे. पण ‘झालं तुझ्या मनासारखं’ हे वाक्य लिहायला नको होतंस. ते वाचून मी दिवसभर गॅरेज उघडलं नाही.

आरसा आणि प्लास्टिक पार्सलने पाठवतोय. बसवणार नाही, नुसतं पाठवतोय. पडल्यावर हँडल सरळ आहे ना, ते कुणाला तरी दाखव. मला नाही दाखवलंस तरी चालेल, पण दाखव.

लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव. माझा इथेच आहे.

दादा

---

घर,
ता. १४ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही, त्यामुळे मायने चुकले तर हसू नकोस. हसण्यासारखं मी काही लिहिणार नाहीये.

तुझं पाकीट मी फोडलं. दादा एका गाडीखाली होता, आणि वर तुझं अक्षर दिसलं की माझ्याच्याने थांबवत नाही. मी भाजी निवडत बसले होते. ती कडी माझ्या मांडीवर पडली. पत्र तिथेच वाचलं. भाजी तशीच राहिली.

दादाला ज्या शिव्या दिल्यास त्या माझ्या आहेत. माझ्याकडे पाठव.

मीच त्याच्या मागे लागले. वरच्या खिडकीतून तुला फाटकातून आत येताना पाहिलं, पोटात दुखतंय तशी वाकलेली. हिचा वेग कमी कर म्हटलं. तो नाही म्हणाला. ओरडलासुद्धा, की आई, जोर काढला की धोका वाढतो. मला वाटलं बहिणीची बाजू घेतोय. मी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही सरकवलं. तुला मी भूक नाही म्हणाले, ते खोटं होतं. मग तो खाली गेला, आणि कानशीचा आवाज आला तेव्हा मी जेवले.

वेग कमी म्हणजे धोका कमी, गॅस बारीक केला की दूध उतू जात नाही, एवढीच माझी अक्कल. ती चुकली. तुझं काही बरंवाईट झालं असतं तर त्या घासाची आठवण घेऊन मला जगावं लागलं असतं.

पण आता माझंही ऐक, कारण मीही चिडले आहे. वारा, ट्रक, चढ, जुन्या गाडीचा दम हे सगळं तू दादाला पानं भरभरून लिहिलंस. त्याच्याकडचं तुझं ते पत्र मी आज मागून घेऊन वाचलं. एकही वाक्य असं नव्हतं की मला कळलं नाही. आणि मला काय सांगितलंस? ‘तुला नाही कळायचं.’ मी तुला बोलायला शिकवलं ग! मला सांगितलं असतंस तर मी भांडले असते, रडले असते, पण ताट सरकवलं नसतं. तुम्ही दोघांनी मला बाजूला बसवलंत, आणि मी बाजूला बसून जे सुचलं ते केलं.

दादा अंगणात तुझी गाडी उभी असते त्या जागेवर दुसरी गाडी लावू देत नाही.

माझ्यावर राग धर. येणं मात्र सोडू नकोस.

आई

---

खोली,
ता. १९ डिसेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दादालाही वाचून दाखव. त्याला वेगळं लिहायचं होतं, पण तुम्ही दोघांनी एकमेकांवर इतकं पांघरूण घातलंय की कुणाला किती रागवायचं याचा हिशेबच लागत नाही.

शिव्या मागितल्यास, म्हणून देते. जेवण सोडून दुसऱ्याकडून काम करवून घेणं हा शुद्ध दांडगावा आहे. पुन्हा ताट सरकवलंस तर मी तुझ्यासमोर बसून दोन्ही ताटं संपवीन. आणि दादा, तुला ठाऊक होतं की हे धोक्याचं आहे. आईच्या उपाशी राहण्याला भिऊन तू माझा जीव पणाला लावलास. हे मी विसरणार नाही. ‘मनासारखं’ हा शब्द मात्र मागे घेते. तो रागाच्या भरात गेला.

आई, ‘तुला नाही कळायचं’ हे मी तुला म्हणाले, आणि तुझं पत्र वाचल्यापासून ते वाक्य मलाच चावतंय. तुझ्या जागी मी असते तर मीही काहीतरी सरकवलं असतं. आता सगळं कळवते, पण लिहून नाही.

रविवारी येते. बसने येणार नाही, गाडीनेच येणार. हँडल सरळ आहे, इथल्या मेकॅनिकला दाखवलं. दादाने पाठवलेला आरसा मीच बसवला. सगळी देखभाल अंगणात मीच करणार. दादाने हात मागे बांधून उभं राहायचं. चुकलं तर तोंडाने सांगायचं, पाना हातात घ्यायचा नाही. माझा भरवसा परत यायचा तेव्हा येईल, आणि तो ताट सरकवून येणार नाही.

चेन तपासताना गाडीवर कुणीतरी बसावं लागतं. आई, तू बसायचंस. पदर खोचून ये. हँडल धरायला वाकावं लागेल, तेव्हा कळेल की पोटात दुखत नाही, तिथे तसंच बसतात. तू बसलीस की चेन ताणेल, आणि मी खाली बसून तिची ढील बघीन.

मग उजवी मूठ धर. इंजिन बंद असेल, घाबरू नकोस. शेवटपर्यंत पिळ. कुठे अडते का, ते तुझ्या हाताने बघ. अडली तर दादाला काय बोलायचं ते तूच बोल. नाही अडली, तर संध्याकाळी मी निघेन तेव्हा वरच्या खिडकीत बसू नकोस. खाली फाटकापर्यंत ये, आणि मला जाऊ दे.

कळावे. राग अजून आहे, आणि लोभ त्याच्या शेजारीच बसलाय. दोघांनाही जागा ठेवावी.

तुझी,
भिंगरी