गुलाबदादांच्या हातचं

८ डिसेंबर, पांढुर्णा

आले एकदाची. सौंसरहून बस, आणि मांडीवर आईने दिलेली संत्र्यांची पिशवी. संत्र्यांच्या बागांनी वेढलेल्या पांढुर्ण्याला संत्री घेऊन येणारी मी जगातली पहिलीच बाई असेन.

जिल्हा नवा, म्हणून पोलिसांची सगळी खास पथकं एकाच आवारात, एका रांगेतल्या खोल्यांत बसवली आहेत. आधी सायबरवाले, मग बोटांच्या ठशांची खोली, मग बॉम्बवाले, आणि अगदी टोकाला, जाम नदीच्या काठावर, आम्ही श्वान पथक. सायबरवाल्यांना एसी, आम्हाला नदीचा वारा. पथक म्हणजे तरी कोण, तर हवालदार हेमराज साहेब, मी आणि डॉली. डॉली लॅब्राडोर आहे, मधाच्या रंगाची, कपाळावर सदा आठी. मला लहानपणापासून कुत्र्यांचं वेड. छिंदवाड्यात बंदोबस्तात उन्हातान्हात उभं राहून कंटाळले होते, म्हणून हट्टाने भोपाळचं ट्रेनिंग केलं. आता राहायची खोली डॉलीच्या खोलीला लागूनच आहे, मध्ये फक्त एक दार. आज मी फार खूश आहे.

१० डिसेंबर

डॉली माझ्या हातचं खात नाही. पोलिसांच्या कुत्र्याला शिकवलेलंच असतं, आपल्या माणसाशिवाय कोणाच्या हातचं खायचं नाही. नाहीतर चोर विष घालून मोकळा व्हायचा. डॉलीचा माणूस म्हणजे माझ्या आधीचे गुलाबदादा. पावसाळ्यात सावरगावचा एक म्हातारा हरवला, त्याला शोधायला दादा भर पुरात उतरले आणि वाहून गेले. प्रेत बरंच खाली सापडलं. त्या दिवशी डॉली तापाने इथेच पडून होती, तिने काहीच पाहिलं नाही. तिच्या लेखी दादा सकाळी बाहेर गेले, ते यायचे आहेत.

तेव्हापासून ती भांड्यातलं अर्धंमुर्धं खाते आणि शोधाला नेलं की जागची हलत नाही. हेमराज साहेब म्हणाले, "पोरी, जानेवारीपर्यंत तुह्या हातचं नाही खाल्लं, तं कामातून काढतीन तिले. मंग कोन पोसते?"

मी म्हटलं, खाईल. हट्टात मी कोणाला हार जायची नाही.

१३ डिसेंबर

आज माझ्या हातून एक चूक झाली. शिकाऊ पोरगंही करणार नाही अशी.

खोलीतल्या खुंटीवर गुलाबदादांचा खाकी स्वेटर अजून तसाच आहे. सकाळी धुकं होतं. डॉलीला फिरायला न्यायचं म्हणून कामाचा पट्टा चढवला, आणि लाडाने तो स्वेटर तिच्या नाकापाशी धरला. ती ताठ झाली. पट्टा चढवून नाकाशी कपडा धरला की कुत्र्यासाठी हुकूम सुटला. हे मला माहीत आहे. भोपाळला पहिल्याच दिवशी शिकवतात. तरी धरला.

ती मला ओढत नदीवर घेऊन गेली. पाण्याशी थांबली. वाटलं, सुटले, कारण माग पाण्यात मरतो. पण ती वळली. पाण्यापासून वर, काठाने, चिंचेच्या झाडापर्यंत माग काढत आली आणि मगच थांबली. शेपटी हलत होती. इथे आल्यापासून तिची शेपटी मी पहिल्यांदा हललेली पाहिली.

साहेबांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, दिलेला वास परत घेता येत नाही. "मानूस सापडला पाह्यजे, आन् तिच्या मानसाच्या हातानं तिले बिस्कीट भेटलं पाह्यजे. तवा शोध मिटते. इथं तं दोघंही एकच. आता कोन मिटवीन?"

१५ डिसेंबर

काल सुटीत सौंसरला जाऊन बिस्किटांचा नवा डबा आणला. डॉलीने वासही घेतला नाही.

आज तिने पुन्हा नदीपासून माग धरला. चिंच ओलांडली, आवाराच्या फाटकापर्यंत आली. मला हे लिहितानाही कसंतरी होतं आहे. कुत्रा नेहमी सगळ्यात ताजा माग धरतो. दादा गेल्यावर इथे किती पाऊस झाला, किती माणसं चालली. जुना माग उरणं शक्यच नाही.

आईला फोन केला. ती म्हणाली, "भूतखेत आपल्यात मानत नाहीत, बाई. विहारात जाऊन बस जराशी, डोस्कं शांत होईन." माझाही विश्वास नाही. जाऊन बसले. डोकं काही शांत झालं नाही.

१७ डिसेंबर

माग आज बॉम्बवाल्यांच्या दारावरून आमच्या ओट्यापर्यंत आला.

परत आले तर बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडं. खोलीला कुलूप होतं. ठशांच्या खोलीतली मालती माझी मैत्रीण झाली आहे. तिला चिडवलं की तूच चोर. ती म्हणाली, "मी कायले खाऊ वो कुत्र्याचे बिस्कीट? थांब, चोरच धरून देतो तुले." गमतीगमतीत तिने झाकणावरचा ठसा उचलला. आवारातल्या सगळ्यांचे ठसे तिच्याकडे असतातच, म्हणजे चोरीच्या जागी आपलीच बोटं लागली तर घोटाळा नको. हसत घेऊन गेली.

१८ डिसेंबर

मालती आली तेव्हा हसत नव्हती.

उजवा अंगठा. मधोमध आडवा कापल्याचा व्रण. गुलाबदादांचा. तिने तीनदा ताडून पाहिला. म्हणाली, जुना असंन, अश्विनी, ते रोज इथंच तं बसत. मी सांगितलं की डबा मी आत्ता सौंसरहून आणलाय. तिने हातातला ठशाचा कागद पालथा ठेवला. मग हळूच म्हणाली, पावडर टाकायची गरजच पडली नव्हती. ठसा गाळाचा होता. ओला होता.

मला भीती वाटते आहे. लिहून टाकते, म्हणजे निदान कुठेतरी खरं बोलले.

१९ डिसेंबर

साहेबांनी स्वेटर जाळला. डॉली राखेकडे बघायलाही गेली नाही. ती माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर नाक लावून बसली आहे, आतल्या बाजूला तोंड करून.

साहेब म्हणाले, दार उघड, पट्टा काढ, सोड तिले. "ज्याची हाय, तो घेऊन जाईन. तू मधात नोको येऊ."

पण कुठे घेऊन जाईल? माग नदीतून येतो. परत जाईल तोही नदीतच. आणि डॉली त्याच्यामागे पाण्यात जाईल, न थांबता, शेपटी हलवत. मी नाही सोडणार. दुपारी तिने पहिल्यांदा माझ्या मांडीवर हनुवटी ठेवली. माझ्या हातचं खात नाही, पण हनुवटी ठेवली.

२० डिसेंबर

मालती आज जीप आणायला गावी गेली, उद्या घेऊन येते. डॉलीला सौंसरला आईकडे नेऊन ठेवणार. नदीपासून लांब. नोकरी गेली तर गेली.

माग आज दारापासून खाटेच्या पायापर्यंत. मी खाट भिंतीला लावली. फरशीवर ओल आहे. पुसली. पुन्हा आहे.

२१ डिसेंबर, दुपार

मालती निघाली आहे. लोधीखेड्यापर्यंत पोचली, फोन आला होता. बाहेर लख्ख ऊन आहे. बॉम्बवाल्यांचा रेडिओ ऐकू येतो आहे. अशा उन्हात काय होणार.

दोन्ही दारांना कडी. पट्ट्याचं टोक माझ्या डाव्या मनगटाला पक्कं बांधलं. न्यायचं असेल तर मला घेऊन न्यावं लागेल, असं मोठ्याने म्हणाले. का म्हणाले —

डॉली उठली. खाटेभोवती फिरली. माझ्या शेजारी येऊन बसली.

बसली म्हणजे सापडला. आम्ही असंच शिकवतो.

ती माझ्याकडे बघत नाहीये. माझ्या खांद्याच्या थोडं वर बघते आहे. शेपटी फरशीवर आपटते आहे. गाळाचा वास —

डब्याचं झाकण वाजलं.

मी बघणार नाही. लिहीत राहते. मालती येईलच —

डॉली खाते आहे. कुरकुर आवाज येतो आहे. मी तिला काही दिलेलं नाही.

मग आता मिटलं ना? शोध मिटला. बिस्कीट दिलं. जा आता, दादा, मी हात जोडते, तिला राहू द्या —

ती उभी राहिली. कोणीतरी चल म्हटल्यासारखी. पट्टा ताणला आहे. डॉली तर माझ्या पायाशी आहे, पट्टा दाराकडे —

कडी निघाली. गाठ ओली झालीये, सुटत नाही, एका हाताने सुट