अडलेली नाणी

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे तू ओळखलं असशील, आणि उघडावं की नाही म्हणून दोन दिवस ते टेबलावर तसंच ठेवलं असशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आई जाऊन सहा आठवडे झाले. तू आली नाहीस. बायकांनी विचारलं तेव्हा मी तुला सुट्टी मिळाली नाही म्हणून सांगितलं आणि कप विसळायला आत निघून गेले.

काल आईच्या प्रार्थनेच्या बायका शेवटच्या जमल्या. आता उरल्यात चारच. गुडघे धरत, धापा टाकत जिना चढतात, आणि वर पोचल्यावर प्रार्थनेआधी दहा मिनिटं नुसत्या औषधांच्या गप्पा चालतात. पुढच्या महिन्यापासून बंद करू या, असं बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या आणि कुणीच नको म्हटलं नाही. शिवणाच्या मशिनी भिंतीला सरकवून आपण खुर्च्या मांडायचो, आठवतं? तीन वेगवेगळ्या चर्चच्या बायका त्या एवढ्याशा खोलीत. एकीचं आमेन संपायच्या आत दुसरीचं गाणं सुरू व्हायचं, आणि तिसरी डोळे मिटून बसायची ती थेट चहा आल्यावर उघडायची. आपण दाराआड तोंडात फडकं कोंबून हसायचो. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी कुठल्यातरी दूरच्या देशातल्या बायकांनी लिहिलेली प्रार्थना वाचायची असायची. त्या देशाचं नाव आई असं घ्यायची, जणू तिथे तिची सख्खी बहीणच दिलीय.

पण तिचा खरा जीव होता तो नाण्यांच्या पेटीत. ती गोष्ट तिनं आपल्याला किती वेळा ऐकवली असेल! महायुद्धानंतर काही बायका प्रार्थना करत देशोदेशी फिरत होत्या, त्यातल्या एकीला एका देशानं आत येऊ दिलं नाही. बाकीच्या पुढे गेल्या, ही मागे राहिली. राग गिळत बसायचं सोडून तिला सुचलं की ज्यानं आपल्याला दुखावलंय त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि प्रत्येक प्रार्थनेमागे आपल्या देशातलं सगळ्यात लहान नाणं बाजूला टाकावं. लहानच का, तर गरीब बाई आणि श्रीमंत बाई एका मापात याव्यात म्हणून. डॉक्टरीणबाईंनी एकदा पेटीत मोठी नोट सारली तेव्हा आईनं ती सगळ्यांसमोर परत केली, आणि बाई, तुमचं एवढ्या लोकांशी वाकडं आहे का, असं विचारलं. त्यानंतर डॉक्टरीणबाई चार महिने फिरकल्या नाहीत. मग आईनं त्यांच्या नावानंही एक नाणं टाकलं.

तिचा नियम कडक होता. नाव घ्यायचं, आणि त्या माणसाचं भलं मनापासून मागायचं. मागताना जीभ अडखळली तर नाणं पेटीत टाकायचं नाही. ते कागदात गुंडाळून, वर नाव लिहून, बटणांच्या डबीत ठेवायचं. त्याला ती अडलेलं नाणं म्हणायची. आई शिवणकाम करायची त्या कपड्यांच्या कारखान्यातल्या मुकादमानं तिच्यावर दोऱ्याच्या चोरीचा आळ घेतला तेव्हा त्याचं नाणं पावणेदोन वर्षं अडून होतं. एक दिवस ते पेटीत गेलं, आणि दुसऱ्याच दिवशी आई त्याच्या कोटाचं तुटलेलं बटण लावून देत होती. मला तर तेव्हा तिचा रागच आला होता.

तू गेलीस त्या दिवशी, "तुझ्या काजाबटणांत मी माझं आयुष्य शिवून घेणार नाही," असं तू आईला तोंडावर बोललीस. मी मनात म्हटलं, आता हिचं नाणं जन्मभर अडणार. खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. तू बोटींच्या कंपनीच्या ऑफिसात बसून छान साड्या नेसणार आणि मी इथे मुकादमाची बोलणी खाणार, मग निदान आईच्या मनात तरी माझी जागा वरची असावी, एवढाच माझा हिशेब. आणि तिनं तुझं नाणं त्याच आठवड्यात टाकलं. माझ्या डोळ्यांदेखत.

पुढे अकरा वर्षं मी तिचं केलं. शेवटी तिचा उजवा हात गेला तेव्हा भरवणं, वेणी घालणं, अंघोळ घालणं, सगळं. तुला लिहायची पत्रंही ती सांगायची आणि मी लिहायची. शेवटच्या पत्राला तुझं चार ओळींचं उत्तर आलं. ते मी तिला वाचून दाखवलं नाही, मशिनच्या खणात टाकलं. त्यानंतर ती रोज दुपारी मला जवळ बसवायची आणि काही न बोलता माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मला वाटलं, आजारानं भ्रमिष्ट झालीय. सात दिवस असं चाललं. आठव्या दिवशी तिची शुद्ध गेली, ती परत आलीच नाही.

काल बायका गेल्यावर मी बटणांची डबी उघडली. वरच तुझं उत्तर होतं. मी बाहेर गेले असताना तिनंच ते खणातून काढलं असणार. त्याखाली कपडे बेतायच्या कागदाचे सात तुकडे, दिवसाला एक, सातांवरही डाव्या हातानं गिरवलेला एकच शब्द: थोरली. धाकटे, तिनं मला लिहायला सांगितलं होतं, "तिला म्हणावं, ये, मला बघायचंय." आणि मी लिहिलं, आई म्हणते, येऊ नकोस. ती नको म्हणते तर मी येत नाही, असं तू उत्तरात लिहिलंस, आणि ते वाचून तिला माझं खोटं कळलं. तू दोन दिवस येऊन उशाशी बसली असतीस आणि माझी अकरा वर्षं वाया गेली असती, असं मला वाटलं. ते सात दिवस मी कबुली देईन म्हणून ती वाट बघत होती, आणि मी औषध पाजून उठून जात होते. तुकडे सात आहेत, पण नाणी सहाच. सातवा कागद मोकळा आहे. ते नाणं पेटीत गेलं, की तिच्या हातून कुठे पडलं? फरशी मी तीनदा झाडली. पेटी ओतून बघितली, तर सगळी नाणी सारखीच. मला ते आता कधीच कळायचं नाही. पण तुझ्यावर तिचा राग नव्हता, हे तुला कळायलाच हवं. तिनं तुला बोलावलं होतं. मी येऊ दिलं नाही.

आता स्वतःला तुझी म्हणवायची लाज वाटणारी,
थोरली