दुबईच्या जोडीला मस्कत

तासगाव,
१२ जून २०२४

चि. अर्फास,

अब्बांकडून सलाम आणि पोटभर दुवा. शौकतमियाँनाही आमचा सलाम सांग. खंडाळ्याला तुमच्या नव्या घरात पाण्याची अडचण होती ती मिटली का? अम्मीचा गुडघा तसाच आहे. बकरी ईद पाच दिवसांवर आली, पण घरात अजून तशी हालचाल नाही. बागा फुटल्यात, त्यामुळे फवारणीचे ब्लोअर दुरुस्तीला दुकानापुढे उभे आहेत. मन लागत नाही, पण हात चालतात.

तू फोनवर पाठवलेला निरोप ऐकला. शौकतमियाँ तुला डिसेंबरात मस्कतला न्यायचं म्हणतात, हे ऐकून मी पाना खाली ठेवला. दुसऱ्या नवऱ्यानं पहिल्याच्या, आमच्या अश्फाकच्या, कबरीवर बायकोला न्यायचं मनात आणावं, असा माणूस लाखात एक. तुझा निकाह लावून देताना तुझ्या वडिलांपेक्षा मीच जास्त घाई केली होती. ती चुकली नाही, एवढं समाधान आहे.

तू विचारलंस, जागा नेमकी कुठं आहे आणि आत गेल्यावर कशी ओळखायची. ते फोनवर सांगायला जमेना. दोनदा नंबर लावला आणि कट केला. म्हणून लिहायला बसलोय. पण आधी प्रवासाचं सांगतो.

दुबईचं धाकट्या मुनाफनं दिवाळीतच ठरवलं होतं. त्याचा बेदाणा घेणारा तिथला व्यापारी कधीचा म्हणत होता, एकदा घरच्यांना घेऊन या. पोरीच्या शाळेला सुट्टी आणि सांगलीचं मतदान उरकलं की निघायचं, असं झालं. सांगलीचा तिकीटवाला म्हणाला, एवढं लांब जाताय तर जोडीला आणखी एक देश करा, विमानाचं फारसं वाढत नाही.

मग काय, रोज जेवणं झाली की घरात तेच. मुनाफ म्हणे जॉर्जिया, तिथं उन्हाळ्यातही डोंगरावर बर्फ असतो. रिहाना म्हणे मलेशिया, तिच्या बहिणीकडचे जाऊन आलेत. त्यांची जिक्रा दुसरीतली पोर, तिनं मोबाईलवर बर्फात घसरणारी मुलं बघितलेली, त्यामुळे तिचं मत जॉर्जियाला. मला विचारलं तर मी म्हणायचो, मला सगळे देश सारखेच, नमाजेला पाणी मिळालं म्हणजे झालं. हसायचे सगळे. खरं सांगतो अर्फा, बऱ्याच वर्षांनी आपल्या घरात असं हसणं झालं होतं.

अम्मी एका बाजूला बसून बेदाण्याच्या काड्या काढत असायची. ती त्या बोलण्यात नसायची. एके दिवशी रिहानानंच विचारलं, "अम्मी, तुमी काईच बोलत न्हाई. तुमाला कुठं जायचंय?"

अम्मीनं ताटातनं मान वर केली नाही. म्हणाली, "दुबईपास्नं मस्कत लय लांब हाय का गं?"

त्या गावाचं नाव आपल्या घरात कुणी काढत नव्हतं. तू होतीस तेव्हाही नव्हतं. मुनाफनं मोबाईल उलटा ठेवला. म्हणाला, "अम्मी, तिथं मे महिन्यात भाजून निघतं. बघण्यासारखं काय न्हाई तिथं."

"माझं बघण्यासारखं तेवढंच हाय," अम्मी म्हणाली.

जिक्रा बर्फासाठी रडली. तिला पुढच्या वर्षाचं कबूल केलं. मस्कत ठरलं.

मला आनंद झाला की भीती वाटली, मलाच सांगता येत नाही. मी कधी जाऊया म्हणालो नव्हतो. त्या कोरोनाच्या उन्हाळ्यात अश्फाकच्या खोलीतल्या दोस्ताचा, कोयाचा फोन आला, तेव्हा तू आतल्या खोलीत होतीस. सगळी विमानं बंद, मयत आणता येणार नाही, तिथंच दफन केलं, एवढं त्यानं सांगितलं. अम्मीनं माझ्या हातातला फोन ओढून घेतला आणि एकच विचारलं, "मिट्टी किसने दी?" तो म्हणाला, "मैंने दिया अम्मा, अपने हाथ से दिया." ते तूही ऐकलंस. त्यानंतर जो माणूस भेटायला आला, त्याला अम्मीनं तेच सांगितलं. माझं लेकरू परक्या मुलखात गेलं, पण माती भावासारख्या दोस्तानं दिली. त्या वाक्यावर आपण दिवस काढले. निदान आम्ही दोघांनी तरी काढले.

दुबईला अम्मी चांगली होती. उंच इमारतीच्या वर गेली, काचेतनं खाली बघून "या अल्ला" म्हणाली, जिक्राच्या हातातली आईस्क्रीम अर्धी खाल्ली. व्यापाऱ्याच्या घरी जेवायला बोलावलं होतं, तिथं त्याच्या बायकोशी खाणाखुणांनी गप्पा मारल्या. तिच्या पिशवीत रुमालाच्या गाठीत सब्ज्याचं बी होतं. आपल्याकडे कबरीवर सब्जा लावतात तसा तिथं टाकायचा होता. विमानात कुणी काढून घेईल म्हणून सारखी चाचपत होती.

मस्कतला उतरलो. चौफेर उघडे डोंगर, झाडाचं पान नाही, आणि सगळी घरं पांढरी. तासगावचा उन्हाळा त्यापुढं सावली म्हणायचा. कोयाला मुनाफनं आधीच फोन केला होता. तो हॉटेलवर आला. अश्फाकनं पाठवलेल्या फोटोत होता तो पोरगा राहिलेला नाही, दाढी पिकली आहे. त्यानं माझे दोन्ही हात धरले, अम्मीचे पाय धरले. पण बोलताना त्याची नजर खालीच. मी समजलो, अदब असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याच गाडीतनं गेलो. शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याला मोठं कब्रस्तान आहे. कोया म्हणाला, इथं बायका आत येत नाहीत, अम्मा गाडीत बसू देत. रिहाना आणि जिक्रा तिच्याजवळ राहिल्या. आम्ही तिघे आत गेलो.

अर्फा, तिथं नावं नसतात. कुणाच्याच कबरीवर नसतात, तिथली रीतच ती. डोक्याशी एक दगड, पायाशी एक दगड. डोंगरातनं आणलेले, न घडवलेले. नजर पोचेल तिथवर तेच. कोया एका ओळीत शिरला, थोडं पुढं गेला, परत आला, दुसऱ्या ओळीत गेला. मी त्याच्या मागनं चालतोय. मुनाफ म्हणाला, "कोयाभाई, कौनसी है?"

तो खाली बसला. मातीतच. म्हणाला, "अब्बाजान, मुझे मालूम नहीं."

मग सगळं सांगितलं. त्या दिवसांत त्यालाही ताप होता, त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. अश्फाकला गाडीतनं नेलं, ते त्यानं खिडकीतनं बघितलं. तेच शेवटचं. पुढं कामावरच्या माणसाचा फोन आला की तो गेला आणि दफन झालं. कुणी केलं, कुठं केलं, कुणालाच आत जाऊ देत नव्हते. याच कब्रस्तानात असेल असं त्याला वाटतं. नक्की तेही नाही. "अम्मा पूछ रही थी," तो म्हणाला, "मैं क्या बोलता?"

मुनाफनं त्याची कॉलर धरली. मी सोडवली. मला राग आला नाही. त्याच्या जागी असतो तर मीही तेच बोललो असतो. मी त्या सगळ्या दगडांकडे तोंड करून उभा राहिलो आणि फातिहा पढायला लागलो. मधेच आठवेना. रोजची फातिहा, लहानपणापासून पाठ. मुनाफनं पुढची ओळ सांगितली तेव्हा पुरी झाली.

मुनाफ म्हणाला, "अब्बा, अम्मीला काय सांगायचं? ही एखादी दाखवूया. बाहेरनंच बघंल ती." त्यानं फाटकाजवळची एक कबर हातानं दाखवली. मी हो म्हणालो. तेवढंच करता येण्यासारखं होतं.

पण आम्ही वळलो तर अम्मी गाडीतनं उतरून फाटकात उभी होती. पदर डोक्यावर, हातात तो रुमाल. मुनाफ पुढं झाला. "अम्मी, ही बघ. ही भैयाची."

तिनं कबरीकडे बघितलंच नाही. ती कोयाकडे बघत होती. "बेटा," ती म्हणाली, "मिट्टी तूने दी थी ना?"

कोयानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलायला लागले.

मी अम्मीला हात पुढं केला. ती म्हणाली, "पोरीला ऊन लागतंय. चला." रुमाल तिनं फाटकाच्या कोपऱ्यात झटकला. बी दगडांवर पडलं. परत येताना गाडीत जिक्रा विचारत होती, दादी, मोठे अब्बू कुठं हायत? रिहानानं तिला कुशीत दाबून धरलं.

पुढचे दिवस ठरल्याप्रमाणे झाले. तिकिटं काढलेली होती. मोठी मशीद बघितली, बोटीत बसलो, डॉल्फिन बघितले. मुनाफनं तुला पाठवलेल्या फोटोंत अम्मी हसलेली आहे. जिक्रानं हस म्हटलं म्हणून हसली.

आम्ही आल्यावर तुझा फोन आला, तो अम्मीनं घेतला. जागा कशी आहे, असं तू विचारलंस. मी शेजारीच होतो. ती म्हणाली, "लय चांगली जागा हाय बेटा. भिंतीकडंला हाय. वर मोठं झाड हाय, दिवसभर सावली असती." ती इतकं सरळ बोलत होती की मला क्षणभर ते झाड दिसलं. फोन ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "एकीला तरी असू द्या."

झाड नाही, पोरी. भिंतीकडेची जागा नाही. तू विचारलेल्या खुणेचं उत्तर एवढंच आहे.

हे लिहावं की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. तुझी ती सावली मी काढून घेतोय, हे कळतं मला. पण तू जाणार. शौकतमियाँ रजा काढणार, तिकिटं काढणार, त्या उन्हात तुला हाताला धरून नेणार. कोया तुला रडून खरं सांगेल, नाहीतर दुसरा एखादा दगड दाखवेल. दोन्हीतलं एकही मला सोसणार नाही. तू जाऊ नकोस. तुझा संसार चांगला चालला आहे, तिथं हे नेऊ नकोस.

अम्मीबद्दल विचारशील म्हणून सांगतो. ती जेवते, झोपते, कामं करते. पण दर जुम्मेरातीला ती अश्फाकच्या नावानं पश्चिमेच्या खिडकीशी बसून पढायची, तुला ठाऊक आहे. ते बंद झालं. मी एकदा म्हणालो, पढ की, कुठंही असला तरी पोचतं. तर म्हणाली, "तुमी पढा. मला आता कुणीकडं तोंड करायचं त्येच कळत न्हाई." आणि भाजी निवडता निवडता, "मस्कतचं नाव मीच काढलं. इतकी वर्सं माझ्यापाशी एक कबर हुती. पोरांचं ऐकून त्या जार्जियाला गेलो असतो, तर अजून असती."

अल्लाच्या मर्जीचं बोलायला गेलो तर ती उठून आत जाते. मौलवीसाहेब येऊन समजावून गेले. त्यांचंही तिनं ऐकून घेतलं, चहा दिला.

मी तुला हे लिहिलंय ते तिला कळू देऊ नकोस. ती फोनवर विचारेल, डिसेंबरात जाताय ना? तेव्हा म्हण, शौकतला रजा मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी सांग. ती खोदून विचारणार नाही. तिला कळेलच कदाचित. तरीही तू तसंच सांग, आणि ती तसंच ऐकून घेईल.

ईदला येऊ नका. आलात तर तिला तुझ्यापुढं परत सगळं सांगायला लागेल, आणि ते मला दुसऱ्यांदा ऐकवणार नाही.

उत्तर लिहू नकोस. तब्येतीला जप.

अश्फाकचा बाप,
कुतुबुद्दीन