गुळगुळीत कान

दादा,

आपल्या चित्रकादंबरीच्या सातव्या भागाची पानं आली. मणी शोधत निघालेले टोकदार कानांचे एल्फ शेवटच्या खिंडीपाशी पोचलेत. तुझ्या पेन्सिलच्या रेघांवर शाई चढवायला बसले आणि हात थांबला. अकरा वर्षं तू एल्फांचे कान तीनतीनदा खोडतोस. कागद तिथे खरबरीत लागतो. ही पानं गुळगुळीत आहेत.

फोन केला. वहिनी म्हणाली, "झोपलेत गं."

"भरदुपारी? रोज?"

"तू पत्र लिही ना, मी वाचून दाखवीन."

"पानं कुणी काढली?"

"तुझ्या दादानंच. भुतानं काढली की काय!" ती हसली, पण जरा उशिरा.

वाचून का दाखवायचं? तुझे डोळे गेलेत का, दादा?

हे पत्रही तीच फोडेल, म्हणून पाठवत नाही. उद्या सकाळच्या गाडीनं येते. दार तू उघड.

तुझी,
बारकी